उघडून, मोजून, सही

आमच्या सोसायटीच्या शिडीवर लाल ऑइलपेंटने 'शि-१' असं लिहिलेलं आहे. शिडी एकच. दुसरी कधी नव्हती आणि येण्याची काही चिन्हंही नाहीत. भालेराव तो नंबर टाकत होते तेव्हा मी शाळेतून परतत होते. जिन्यात थांबून मी विचारलं, "काका, एकाच शिडीला नंबर कशाला?" हातातला ब्रश न थांबवता ते म्हणाले, "बाई, एक असताना नंबर टाकला नाही, तर दुसरी आल्यावर पहिली कुठली हे कोण सांगणार?" मी आपली वर निघून गेले.

मनोहर भालेराव तळमजल्यावर राहायचे, मी तिसऱ्या. बदलापूर पश्चिमेला, मांजर्लीत, नदीच्या अंगाला आमची ही साधी इमारत. मी अंबरनाथच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून इमारतीतल्या लहानथोरांची मी 'बाई'. भालेराव अंबरनाथलाच यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. सव्वीस वर्षं. उंच, काटकुळे, शर्टाच्या खिशाला कायम दोन पेनं. निळं आवकेसाठी, लाल जावकेसाठी. कारखाना बंद पडला तरी ती पेनं काही खिशातून गेली नाहीत. दूधवाल्याच्या कार्डावर ते निळ्याने खूण करत आणि इस्त्रीला दिलेल्या कपड्यांची यादी लालने लिहीत. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, ऐकीव नाही.

त्यांचा नियम एकच होता आणि तो ते दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवत: "उघडून पाहिल्याशिवाय आत घ्यायचं नाही. नंबर लिहिल्याशिवाय बाहेर सोडायचं नाही." दिवाळीला मी फराळाचं ताट पाठवलं की ते झाकण काढून तिथल्या तिथे बघत आणि माझ्या मुलीला सांगत, "बाईंना सांग, चकल्या सात, लाडू चार, पोचले." पहिल्या वर्षी मला राग आला होता. दुसऱ्या वर्षी मीच ताटात काय किती त्याची चिठ्ठी ठेवली आणि ते इतके खूश झाले की विचारू नका.

सुमनकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, सांगायच्या, "अगं, लग्नात आमच्या बाबांनी दिलेली भांडी ह्यांनी मांडवातच मोजली. एक तांब्या कमी. तो निघाला आचाऱ्याकडे. बाबा महिनाभर बोलले नाहीत ह्यांच्याशी." भालेराव शेजारीच बसलेले असत. ते म्हणत, "पण तांब्या मिळाला की नाही?"

गॅसवाल्या दिनूचा आणि त्यांचा सामना तर आमच्या इमारतीची करमणूकच होती. जिन्याखालच्या छताला भालेरावांनी एक हुक ठोकून घेतला होता. सिलिंडर आला की त्याला काटा लावायचा, हुकाला टांगायचा, वजन वाचायचं, मग सील बघायचं, मग टोपण काढून वर पाणी टाकून बुडबुडे येतात का ते बघायचं, आणि मग सही. दिनू सुरुवातीला वैतागायचा. "काका, अजून चाळीस घरं हायेत!" पण दोन-तीनदा वजन कमी भरलं आणि दिनूला एजन्सीत जाऊन भांडावं लागलं, तेव्हा मात्र त्याला त्यात गंमत वाटायला लागली. पुढे पुढे तो स्वतःचाच काटा टेम्पोत ठेवायला लागला. दार वाजवायच्या आधी तो सिलिंडर हुकाला टांगून तयार असे आणि परीक्षेला बसलेल्या पोरासारखा उभा राही. भालेराव आकडा वाचत, "बरोबर," म्हणत आणि सही करून खाली तारीख टाकत. तारखेशिवाय सही म्हणजे त्यांच्या लेखी नुसता ओरखडा.

सोसायटीच्या पंपाची चावी, शिडी, दोरखंड, पाण्याची पाइप, सगळं त्यांच्या ताब्यात. बुद्धविहारातल्या सतरंज्याही. त्यांच्यावर नंबर होते हे वेगळं सांगायला नको. रविवारी सकाळी पांढरा शर्ट घालून ते वंदनेला पहिल्या रांगेत बसत. काकू म्हणायच्या की पंचशील म्हणताना दुसऱ्या शीलाला ह्यांचा आवाज जरा चढतो. दुसरं शील म्हणजे न दिलेलं घेणार नाही, चोरी करणार नाही. सव्वीस वर्षांत स्टोअरमधून एक वॉशर कमी झाला नाही, हा त्या माणसाचा सगळा श्रीमंतीचा हिशेब होता.

कारखाना बंद झाला तेव्हा मालकांनी आतलं सगळं लिलावात काढलं. यंत्रं मोठ्या लोकांनी नेली. उरलं ते भंगारवाल्यांसाठी ठेवलं. त्यात ड्रॉइंग ऑफिसचं एक लोखंडी कपाट होतं, आणि कपाटात एक्केचाळीस खोकी. इंजिनिअर लोक कॉम्प्युटरवर यंत्रांची चित्रं काढतात, त्या सॉफ्टवेअरची. परदेशी कंपनीचं, अस्सल. प्रत्येक खोक्यात जाडजूड पुस्तकं, पाकिटात डिस्क, वर चिकटवलेला एक लांबलचक नंबर, आणि कोपऱ्यात निळ्या शाईत भालेरावांची सही नि तारीख. ती खोकी त्यांनीच कधीकाळी उघडून, मोजून आत घेतली होती. भंगारवाला ती किलोवर नेणार म्हटल्यावर त्यांना राहवलं नाही. नोकरी संपताना मिळालेल्या हिशेबाच्या पैशांतून त्यांनी ते कपाट आतल्या मालासकट विकत घेतलं आणि रीतसर पावती घेतली. "कशाला?" काकूंनी विचारलं. "माझी सही आहे त्यावर," ते म्हणाले. बाकी काही कारण नव्हतं, मला खात्री आहे.

मग दोन हजार पाचचा पूर आला. मांजर्लीत पाणी बघता बघता चढलं. भर दुपारी गुडघाभर पाण्यात भालेराव आणि त्यांची मुलगी प्रज्ञा खोकी डोक्यावर घेऊन माझ्या घरी तिसऱ्या मजल्यावर आणत होते. मी ओरडत होते, "काका, टीव्ही आणा, कपडे आणा!" काकूंचं शिलाईमशीन खाली होतं, त्यावर त्या शेजारणींचे ब्लाउज शिवायच्या. त्याच्या आधी खोकी आली. एक्केचाळिसावं आलं तोवर मशीन पाण्याखाली गेलं होतं. चार दिवसांनी खोकी परत नेताना त्यांनी माझ्यासमोर एकूण एक खोकं उघडून तपासलं. माझे यजमान चिडले, "आम्ही काय चोरणार होतो त्यातलं?" भालेराव खरंच गोंधळले. "साहेब, तसं नाही. परत घेताना बघितलं नाही, तर तुमच्यावर संशय राहील ना." काकूंनी मात्र त्या मशीनवरून त्यांना कधीच माफ केलं नाही. आणि घरात कोरडं उरलेलं सामान म्हणजे फक्त ती खोकी होती, म्हणून ती विकायचा विषय निघाला.

इंटरनेटवर वस्तूंचे लिलाव चालतात हे मीच त्यांना सांगितलं. इमारतीत पहिला कॉम्प्युटर आमच्याकडे आला होता. शाळा सुटल्यावर साडेचारला ते वर येत, चप्पल दाराबाहेर जोडून ठेवत आणि सांगत, "हं बाई, लिहा." मी इंग्रजीत लिहायची. लहान वर्कशॉपवाल्यांना नवीन सॉफ्टवेअर परवडत नसे. त्यांना हे जुनं सोन्यासारखं होतं. लिलाव म्हणजे काय ते भालेरावांना चांगलं ठाऊक होतं. माल समोर मांडायचा, गिऱ्हाइकाला हात लावून बघू द्यायचा, मग बोली. "इथे हात लावता येत नाही," ते म्हणाले, "तर निदान नंबर तरी दिसला पाहिजे." म्हणून प्रत्येक फोटोत त्यांनी खोक्यावरचा नंबर स्वच्छ, पूर्ण, अगदी वाचता येईल असा घेतला. शिवाय खाली मला तो टाइप करायला लावला.

पॅकिंगचे बॉक्स आणायला ते उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये हरीशशेठकडे जात. एकदा मीही गेले होते. हरीशशेठचं कॉम्प्युटरचं दुकान, आणि दुकानाबाहेर टेबलावर डुप्लिकेट सीड्यांचा ढीग. सिनेमे, गाणी, सॉफ्टवेअर, जे मागाल ते. माणूस दिलदार होता. आम्हाला चहा पाजला आणि फोटोची छापील प्रत बघून कपाळाला हात लावला.

"भालेरावसाब, नंबर मत दिखाओ. फोटो में उंगली रख दो उस पे."

"का? चोरीचा माल आहे का?"

"अरे साईं, चोरी का होता तो मैं बोलता ही नहीं. मेरा टेबल देखो. इतने साल में एक भी मालिक आया पूछने? ओरिजिनल का मालिक होता है. वो उधर बैठा है."

"मालक मी आहे. पावती आहे माझ्याकडे."

हरीशशेठने माझ्याकडे बघितलं. "मॅडम, तुम्ही समजवा ह्यांना." मी हसले. मला तेव्हा भालेरावच बरोबर वाटले होते. खरं सांगायचं तर आजही तेच बरोबर वाटतात, आणि त्याचा काडीचा उपयोग नाही.

पहिलं खोकं कोल्हापूरच्या एका वर्कशॉपवाल्याने घेतलं. त्याचा फोन आला, साहेब, सगळं चालू झालं, लाख उपकार. भालेरावांनी लाल पेनाने नोंद केली. आणखी सहा गेली. आठव्याला लिलावच गायब. साइटचं पत्र आलं: मूळ कंपनीने तक्रार केली आहे, तुमच्या वस्तूने कॉपीराइटचा भंग होतो, म्हणून ती काढली आहे. आम्ही पुन्हा टाकली, पुन्हा काढली गेली. मग साइटवरचं भालेरावांचं खातंच बंद झालं.

भालेरावांनी पत्रं लिहिली. ते मराठीत सांगत, मी इंग्रजीत करी. विषय, संदर्भ, सोबत पावतीची प्रत. साइटकडून येणाऱ्या प्रत्येक उत्तराखाली कुणा बाईचं नाव असे, आणि प्रत्येक उत्तर अक्षरन् अक्षर तेच असे. मी त्यांना सांगितलं की काका, हे मशीन पाठवतं, माणूस नाही. त्यांना ते पटेना. "नाव आहे ना खाली? मग वाचत असतील. बाईमाणूस आहे, तिसऱ्या पत्रानंतर विचार करेल." पाचव्या पत्रात त्यांनी मला लिहायला लावलं की आपल्या घरी सर्व क्षेम असेल अशी आशा आहे. मी लिहिलं. उत्तर तेच आलं.

मग त्या कंपनीच्या वकिलाचं पत्र आलं, जाड कागदावर. मी ते त्यांना वाचून दाखवलं. कंपनीचं म्हणणं असं की आम्ही सॉफ्टवेअर विकलंच नव्हतं. फक्त ते वापरायची परवानगी त्या कारखान्याला दिली होती. कारखाना बंद, परवानगी बंद. कारखान्याला ते दुसऱ्याला द्यायचा हक्क नव्हता आणि तुम्हाला घ्यायचाही नाही. डिस्कच्या पाकिटावर हे छापलेलं आहे. छापलेलं होतंच. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. फोटो काढताना मी ते वाचलं होतं आणि सोडून दिलं होतं. शाळेत मुलांना मी सांगते, बारीक अक्षरातलं आधी वाचा. स्वतः वाचलं आणि बोलले नाही.

भालेरावांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाले, "बाई, आमच्याकडे मालासोबत येणारी चलनं दोन प्रकारची असायची. परतीच्या मालाचं वेगळं, कायमच्या मालाचं वेगळं. एखाद्या कंपनीने नमुन्याला यंत्र दिलं, तर ते परतीच्या चलनावर यायचं आणि आम्ही वेगळं ठेवायचो. हा माल परतीच्या चलनावर आलेलाच नाही. मीच घेतलाय. मग तेव्हा विकलं काय होतं त्यांनी? खोकं?"

मी म्हटलं, "हो, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे खोकं."

"मग मीपण खोकंच विकलं," ते म्हणाले. आणि पहिल्यांदाच मला त्यांच्या आवाजात भीती ऐकू आली.

त्याच आठवड्यात ते कॅम्प पाचला गेले होते. परत आले ते थेट वर, चप्पल न जोडता. माझ्या टेबलावर त्यांनी एक सीडी ठेवली. हरीशशेठच्या टेबलावरची, डुप्लिकेट, तेच सॉफ्टवेअर. वरच्या कागदावर काळ्या स्केचपेनने एक नंबर लिहिलेला होता. "हा आपल्या खोक्याचा नंबर आहे," ते म्हणाले. "एकवीस नंबरचं खोकं." त्यांना सगळे एक्केचाळीस पाठ होते. सॉफ्टवेअर चालू करताना हा नंबर टाकावा लागे. आमच्या फोटोतून तो कुणीतरी उचलला होता आणि आता गल्लोगल्ली डुप्लिकेट डिस्क त्या नंबरावर चालत होत्या. हरीशशेठलाही माहीत नव्हतं. त्याच्याकडे माल तसाच यायचा. कोल्हापूरच्या माणसाचाही फोन आला: कंपनीचे लोक वर्कशॉपात येऊन गेले, साहेब, ते मला चोर म्हणतायत. भालेराव फोनवर नुसतं "हो, हो" करत राहिले.

ती सीडी त्यांनी पुरावा म्हणून विकत घेतली होती. आयुष्यात घेतलेली एकमेव डुप्लिकेट वस्तू. घरी नेऊन त्यांनी तिच्यावर नंबर टाकला, वहीत निळ्या पेनाने नोंद केली आणि कपाटात ठेवली.

पोलीस आले ते रविवारी सकाळी, इमारतीतले सगळे घरी असताना. दोन हवालदार आणि कंपनीच्या वकिलाकडचा एक टायवाला मुलगा. भालेराव विहारात जायला निघाले होते, पांढऱ्या शर्टात. मी आवाज ऐकून खाली आले. दारात अर्धी इमारत जमली होती. हवालदार बिचारा वयस्क होता, खोक्यांवरचे नंबर वाचून त्याला घाम फुटला. दोनदा चुकलं, खाडाखोड झाली. भालेरावांना ते बघवेना. "द्या इकडे, मी लिहितो," ते म्हणाले. आणि स्वतःच्या घरातल्या जप्तीचा पंचनामा त्या माणसाने स्वतःच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिला. प्रत्येक खोकं उघडलं, आतलं मोजलं, नंबर लिहिला. चौतीस खोकी. हवालदार म्हणाला, "काका, तुमच्यासारखा माणूस ठाण्यात पाहिजे." दारातले लोक हसले. मलाही हसू आलं, आता सांगायला लाज वाटते.

लिहून झालं. टायवाला मुलगा सही घेणार, तेवढ्यात भालेराव उठले, कपाट उघडलं आणि ती डुप्लिकेट सीडी काढून टेबलावर ठेवली.

"हीपण आहे."

कुणी ती शोधलीही नव्हती. कुणी विचारलंही नव्हतं. मी दारातून म्हटलं, "काका, ती राहू द्या ना."

ते म्हणाले, "बाई, घरात आहे ती. यादी अर्धवट कशी सोडायची?" आणि शेवटच्या ओळीत त्यांनी लिहिलं: डुप्लिकेट सीडी, नग एक. खाली सही. खाली तारीख.

त्या टायवाल्या मुलाच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी विसरणार नाही. रस्त्यात काही सापडल्यावर माणूस इकडेतिकडे बघतो ना, तसं.

दोन दिवसांनी सोसायटीचे सेक्रेटरी पाटील त्यांच्याकडे गेले. पंपाची चावी मागितली. "काही दिवसांपुरतं हो, भालेराव. लोक बोलतात." भालेरावांनी चावी दिली, शिडी, दोरखंड, पाइप यांची यादी करून दिली आणि पोच मागितली. पाटील म्हणाले, "अहो, त्याला कसली पोच?" आणि निघून गेले. काकू मला म्हणाल्या, "चावी गेली तर गेली गं. पण पोच दिली नाही म्हणून जेवले नाहीत."

वकिलाकडे मी त्यांच्यासोबत उल्हासनगरला गेले, कोर्टाशेजारच्या एका छोट्या ऑफिसात. वकील भला माणूस होता, त्याने लपवाछपवी केली नाही. "नुसती खोकी असती, तर मी लढलो असतो," तो म्हणाला. "विकत घेतलेली वस्तू पुन्हा विकता येते की नाही, हा प्रश्न आहे. कदाचित जिंकलोही असतो. पण पंचनाम्यात डुप्लिकेट सापडलीय, नंबर बाहेर फुटलाय, तो तुमच्या फोटोतून. आणि पंचनामा तुमच्याच अक्षरात आहे. दहा वर्षं चालेल, काका." कंपनी तडजोडीला तयार होती. एका कागदावर सही करायची, माल सोडून द्यायचा, पुन्हा विकणार नाही म्हणायचं. मग तक्रार मागे.

तो कागद मी त्यांना मराठीतून वाचून दाखवला. त्यात एक वाक्य होतं: मी विकलेला आणि माझ्याकडे सापडलेला माल बेकायदा होता आणि हे मला माहीत होतं.

"हे नाही," भालेराव म्हणाले. "बाकी सगळ्यावर सही करतो. एवढं बदला. लिहा, माल अस्सल होता, पावती होती, विकण्यावरून वाद आहे."

वकिलाने फोन केला. तिकडून नाही म्हणाले. जसंच्या तसं, नाहीतर कोर्ट.

प्रज्ञाची तेव्हा सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून निवड झाली होती. पोलीस पडताळणी व्हायची होती. बापावर केस असेल, तर मुलीची नोकरी अडते का, हे कुणालाच नक्की सांगता येईना. वकीलही म्हणाला, सहसा नाही, पण लिहून देता येणार नाही. भालेरावांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुम्ही सांगा." इंग्रजी मला येत होतं, कागद मी वाचला होता, म्हणून त्यांना वाटलं मला कळतं. आणि मी म्हटलं, "काका, प्रज्ञाच्या कागदावर डाग नको. सही करा आणि मोकळे व्हा."

त्यांनी खिशाकडे हात नेला. निळं की लाल, क्षणभर थबकले. मग वकिलाच्या टेबलावरचंच पेन उचललं आणि सही केली. तारीख टाकली नाही. वकिलाने ती नंतर आपल्या हाताने घातली.

प्रज्ञा नोकरीवर रुजू झाली, नाशिकला गेली. पडताळणीला आलेल्या शिपायाने पत्ता विचारला, चहा प्यायला आणि गेला. बापाबद्दल त्याने एक शब्द विचारला नाही. हे काकूंनी मला जिन्यात सांगितलं, सहज. सही करा म्हणणाऱ्या मला कुणीतरी थोबाडीत मारायला हवी होती.

खोक्यांचं काय झालं हे भालेरावांना कधी कळलं नाही. माल नष्ट केल्याचा दाखला मिळावा म्हणून त्यांनी एक पत्र पाठवलं. हे एकच पत्र त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं नाही, मराठीतच लिहिलं. उत्तर आलं नाही. रविवारी त्यांनी विहारात जाणं बंद केलं. काकू म्हणाल्या, "एकदा गेले होते. दुसऱ्या शीलापाशी गप्प झाले. आवाजच निघेना. लोक म्हणायला लागले, पाणी द्या, पाणी द्या. तेव्हापासून घरीच." सतरंज्या आता कुणीतरी दुसरा मोजतो, किंवा मोजत नाही. दिवाळीला मी ताट पाठवलं, चिठ्ठीसकट. काकूंनी रिकामं ताट परत दिलं. चिठ्ठी तशीच ताटाला चिकटलेली होती.

पुढच्या वर्षी ते प्रज्ञाकडे राहायला गेले. मी त्यांना शेवटचं बघितलं ते जाण्याच्या काही दिवस आधी. मी सकाळी शाळेला निघाले होते. जिन्याखाली दिनू गॅसवाला उभा होता. सिलिंडर हुकाला टांगलेला, काटा लावलेला, टोपण काढलेलं, शेजारी पाण्याचा मग. दार उघडलं. भालेराव बनियनवर होते. खिसाच नव्हता, त्यामुळे पेनं नव्हती.

"या काका," दिनू म्हणाला. "बघा."

त्यांनी सिलिंडरकडे बघितलं नाही. दिनूच्या हातातलं कार्ड घेतलं, त्याच्याच पेनाने सही केली आणि म्हणाले, "ठेव."

"वजन नाय बघत?"

"ठेव तिथेच. काकू आत घेतील."

माझ्याकडे त्यांची नजर गेली. त्यांनी मान हलवली, शेजारी शेजाऱ्याला पाहून हलवतो तशी, आणि दार लावून घेतलं.

दिनू कार्डावरची ती सही बघत राहिला. मग त्याने पायऱ्यांवर वाकून काटा वाचला, मगातलं पाणी वर टाकलं, बुडबुडे येतात का ते पाहिलं. सगळं केलं. उभा राहिला आणि बंद दाराकडे बघत म्हणाला, "बरोबर हाय." मग माझ्याकडे वळला. "बाई, पन आता हे सांगायचं कुनाला?"